संगीताच्या खुणा

हुंदके सगळे खाली जाऊन पडले होते. जीवननं कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं गाणं वरून खालपर्यंत एकदा वाचलं, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा वाचलं. शब्द सारे होते. ओळीही जागच्या जागी होत्या. पण सासरी निघालेली गोरमाटी, म्हणजे बंजारा, मुलगी आईच्या गळ्यात पडून जो ढावलो म्हणते, त्या रडगाण्यात मधे मधे आवाज फुटतो. त्याच्या बायकोनं, संगीतानं, लिहून घेताना अशा प्रत्येक जागी ‘हुंदका’ अशी खूण करून ठेवली होती, आणि तिथे आता काहीच नव्हतं. गाणं शाळेतल्या प्रार्थनेसारखं सपाट चालत शेवटापर्यंत गेलं होतं. ते संपल्यावर, त्याच्या पायाशी, एकाखाली एक हुंदका, हुंदका, हुंदका अशी रांग लागली होती. जणू गाणाऱ्या लालीबाईनं आधी सगळं गाणं नीट म्हणून घेतलं आणि मग भिंतीला टेकून सगळं रडणं एकदम उरकून टाकलं.

चूक त्याचीच होती आणि अगदी नवशिक्याची होती. संगीताच्या फायली एक्सएमएलमध्ये होत्या. त्यात मजकूर असतो तसाच राहतो, फक्त त्यातल्या हव्या त्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी नावाची खूण लावायची. ओळीच्या पोटात शब्द, शब्दांच्या मधे हुंदका, कशाच्या पोटात काय ठेवायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. डेटाबेसचं तसं नसतं. तिथे तक्ते असतात, आडव्या ओळी आणि उभे रकाने, आणि रकान्याचं नाव आधी ठरतं, माणूस मागून येतो. एकातलं दुसऱ्यात न्यायचं तर मुख्य वाटा दोनच. अख्खी फाइल उचलून एका रकान्यात ठेवून द्यायची, कोठीत बांधलेलं पोतं ठेवावं तशी. मग ती सुखरूप राहते, पण पोत्यात काय आहे ते तक्त्याला कळत नाही. नाही तर ती फोडायची. गाणी एका तक्त्यात, ओळी दुसऱ्यात, शब्द तिसऱ्यात, खुणा आणखी वेगळ्या, आणि प्रत्येक तुकड्यावर तो कुणाचा ते सांगणारा क्रमांक. मग कुणीही विचारावं, ‘याडी’ म्हणजे आई हा शब्द कोणत्या कोणत्या गाण्यात येतो, आणि उत्तर क्षणात समोर यावं. जीवननं फाइल फोडली होती. तुकडा कुणाचा ते लिहिलं होतं, पण कितव्या जागेवरचा ते लिहायला रकानाच ठेवला नव्हता. पुन्हा जोडताना यंत्रानं शब्द आधी घेतले, खुणा मागून घेतल्या. त्याची काय चूक?

एक रकाना वाढवला की हुंदके आपापल्या जागी परत जाणार होते. अर्ध्या घटकेचं काम. तरी त्याचे हात कीबोर्डवर नुसते पडून राहिले. आर्णी रोडवरच्या त्या माडीवरच्या खोलीत तो एकटाच बसे. जिनिंगवाल्यांचे, तूर-सोयाबीनच्या अडत्यांचे, रक्त तपासणाऱ्या लॅबवाल्यांचे बिलाचे प्रोग्राम बनवी. तिथे अशी चूक झाली असती तर त्यानं स्वतःला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि पुढे गेला असता. आता खाली कुणाचा तरी ट्रॅक्टर कापसाच्या गाठोड्यांनी फुगून, तारा टाळत, हळूहळू चालला होता, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि तो त्या रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या हुंदक्याकडे पाहत होता. संगीता असती तर हसली असती आधी. मग म्हणाली असती, पाहा, मी सांगत होती.

ती सांगतच आली होती. जीवन जन्मानं गोरमाटी, पण वाढला यवतमाळात, सरकारी क्वार्टरात. त्याचे वडील पूनमसिंग बांधकाम खात्यात होते, आणि पोरांनी वर्गात मार खाऊ नये म्हणून त्यांनी घरात मराठीचा दंडक घातला होता. त्यामुळे गोरबोली त्याच्या कानाला शेजारच्या घरात लागलेल्या रेडिओसारखी होती. सूर ओळखीचा, शब्द भिंतीपलीकडे. संगीता घाटंजीपलीकडच्या तांड्यातली. तिला स्वप्नंही गोरबोलीत पडत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि रविवार आला की स्कूटीला पिशवी अडकवून तांड्या-तांड्यांवर जायची, म्हाताऱ्या बायांपुढे मोबाइल ठेवून गाणी उतरवून घ्यायची. हल्ली नवरीला कुणी ढावलो शिकवत नाही, डीजे लागतो, हे ती खेदानं नव्हे, नुसतं माहिती म्हणून सांगायची. लग्नानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी तिचं ते वह्यांमधलं लिखाण पाहून जीवननंच तिला एक छोटा प्रोग्राम करून दिला होता. बायकोला साडी घेऊन द्यावी तसा. त्यात चार खुणा होत्या: ओळ, शब्द, अर्थ, विराम. हव्या तर स्वतःच्या घाल, असंही तो म्हणाला होता. हे वाक्य आपण बोलायला नको होतं, असं त्याला पुढे कितीदा तरी गमतीनं वाटलं. कारण पावसाळा संपेतो तिच्या फायलींमध्ये खुणांचं रान माजलं. थांबली. थबकली. गप झाली. पाणी प्याली. सून आली म्हणून सूर बदलला. हसून सांगितलं. बकरी ओरडली. विसरली. एका फायलीत तर एका ओळीपुढे ‘इथं माझ्याकडे पाहिलं’ एवढीच खूण होती.

त्यावरून त्यांचं वाजायचं. भांडण म्हणावं असं नाही, जेवताना, ताटावर. तो म्हणायचा, ‘थांबली, थबकली, गप झाली, तिन्हीले विराम म्हन ना सरळ. उद्या शोधायचं झालं तं कसं शोधशीन?’ ती भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून विचार करायची, त्याचं म्हणणं खरंच तपासून पाहायची, आणि मग मान हलवायची. ‘थांबली म्हंजे तिची ती थांबली. थबकली म्हंजे दारात कोनी आलं. आन् गप झाली तं मंग तिथून पुढं त्या दिवशी काहीच नाही बोलली. एक कसं होईन ते?’ तो म्हणायचा, आणि बकरी? बकरीले कोन शोधनार आहे? ‘मी,’ ती म्हणायची आणि जेवायला लागायची. त्याला तेव्हा वाटायचं, या बाईच्या डोक्यात रकाने नाहीतच. आणि त्याला हेही वाटायचं की आपण घरी आलो की कोणत्या पावलानं आलो ते हिला कळतं, ते त्यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी भादव्यात तिला ताप आला. आधी शाळेतून अर्ध्या दिवसानं घरी आली, मग दोन दिवस गोळ्या खाऊन गेली, मग जाता येईना. यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला न्या म्हटलं, आणि कळंबच्या पुढे, रस्त्यालगतच्या सोयाबीनला शेंगा भरल्या होत्या त्या भागात कुठेतरी, ती गेली. अॅम्ब्युलन्सवाल्यानं गाडी बाजूला घेऊन त्याला विचारलं होतं, आता परत फिरवू का. या प्रश्नाला जीवननं काय उत्तर दिलं ते त्याला कधीच आठवलं नाही. गाडी परत आली, म्हणजे काहीतरी दिलं असणार. नंतर घरातली तिची कपाटं तिच्या भावानं, धरमसिंगनं, येऊन आवरून दिली. साड्या तांड्यावर गेल्या, पुस्तकं शाळेत गेली. फायली मात्र जीवनच्या कॉम्प्युटरवर होत्या. त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं.

उन्हाळ्यात नागपूरच्या एका संस्थेतून राजकुमार नावाच्या माणसाचा फोन आला. संस्था बोलीतली गाणी जमवून एका ठिकाणी ठेवत होती, संगीताचं काम त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. आवाज मऊ होता, माणूस घाईचा नव्हता. ते म्हणाले की आमचा डेटाबेस आहे, त्यात बसेल असं करून द्या, पुढे ते कायमचं राहील. कायमचं हा शब्द जीवनला आवडला. तो म्हणाला, कसं साठवायचं ते आधी ठरवावं लागेल. आणि मग तो ठरवत बसला. जून गेला, पोळा गेला, दिवाळी गेली. तो परदेशातल्या लोकांनी या प्रश्नावर लिहिलेलं वाचायचा, तक्त्यांच्या आकृत्या काढायचा, एक फाइल फोडून पाहायचा, जोडून पाहायचा, पुन्हा पुसायचा. एकदा त्यानं प्रत्येक तुकड्याला त्याचा अख्खा पत्ता लिहून पाहिला, कोणत्या गाण्याच्या कोणत्या ओळीच्या पोटातला. तक्ता इतका फुगला की त्यात गाणं कुठे आहे ते माणसाला दिसेना. राजकुमार महिन्या-दीड महिन्यानं फोन करीत. दिवाळीनंतरच्या फोनवर म्हणाले, ‘सर, गायिका, गाव, ओळ, शब्द, अर्थ. आम्हाला एवढंच लागतं. बाकीचं नोट्स म्हणून एका कॉलममध्ये टाकून द्या ना.’ जीवननं विचारलं, पूर्ण फाइलच ठेवली तर? ‘ठेवा की. पण मग ती सर्चमध्ये येणार नाही. पडून राहील.’ हे त्यांनी अगदी सहज म्हटलं होतं. पण पडून राहील हे शब्द जीवनच्या छातीत कुठेतरी रुतून बसले, आणि त्याच संध्याकाळी त्यानं ठरवलं की फोडायचं. सगळ्यांना सापडेल असं करायचं. सुरुवात लालीबाईपासून केली. ती संगीताची आई, म्हणून.

दुपारी त्यानं तो जागेचा रकाना वाढवला. हुंदके वर गेले, आपापल्या ओळींमध्ये जाऊन बसले. मग त्यानं थांबली, थबकली आणि गप झाली या तिन्हींना एका नावाखाली घ्यायचा प्रयत्न केला आणि ते तसंच सोडून दिलं. शेवटी, बरोबर आलं की नाही हे पाहायला दुसरी काही रीत नव्हती म्हणून, त्यानं मूळ आवाज लावला. दोन वर्षांत त्यानं यातलं एकही गाणं लावलं नव्हतं. लालीबाईचा आवाज आला, जाडसर, जरा नाकातला; पडद्यावरची ओळ त्याच्याबरोबर सरकू लागली. शब्द जुळत होते, हुंदके जुळत होते, आणि मग एका ओळीनंतर स्पीकरमधून संगीताचा आवाज आला. तरुण, किंचित दमलेला, उत्सुक. ‘मंग, याडी?’ एवढंच ती म्हणाली. आणि पडद्यावर काही नव्हतं. ओळीनंतर सरळ पुढची ओळ होती. जीवननं आवाज मागे नेला, पुन्हा ऐकलं. मंग, याडी? मूळ फायलीत ते होतं, संगीतानं प्रामाणिकपणे स्वतःचा प्रश्नही लिहिला होता, ‘मी विचारलं’ अशी खूण करून. पण त्याच्या तक्त्यात गायिका होती, गाव होतं, ओळ होती, शब्द होता, अर्थ होता. विचारणाऱ्या बाईला रकाना नव्हता. प्रोग्रामनं जिथे जागा सापडली नाही ते तुकडे गपचूप टाकून दिले होते. तक्रारही केली नव्हती. तो खुर्चीत मागे टेकला. महिनोन्‌महिने आपण या फायली उपसत बसलो ते कुणासाठी, हे कुणी त्याला विचारलं असतं तर त्यानं डोळे झाकून सांगितलं असतं. आणि त्यानं स्वतःच्या हातानं आखलेल्या आकृतीत ती कुठेच नव्हती. उठून त्यानं खिडकी लावली, मग पुन्हा उघडली.

तांड्यावर जायचंच होतं. गाणी द्यायला गायिकेची संमती लागत असे. बाकी बायांची संगीतानं तेव्हाच बोलून घेतलेली होती, रेकॉर्डिंगमध्येच आहे. लालीबाईचीच नव्हती. आईला काय विचारायचं, असं संगीताला वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो घाटंजीला उतरला आणि पुढे धरमसिंगच्या मोटारसायकलवर गेला. वेचणी चालू होती. दोन्ही बाजूंना बायका कमरेला कापूस घ्यायचे ओटे बांधून वाकलेल्या, बांधावर पांढरे ढीग, मधल्या तुरीच्या ओळींना पिवळा फुलोरा. धरमसिंग वाटेत एवढंच म्हणाला की याडी आता वावरात येत नाही, आणि फार बोलतही नाही. रडली का ती, नंतर कधी, असं जीवनला विचारावंसं वाटलं. मोटारसायकलच्या आवाजात त्यानं ते विचारलं नाही. अंत्यविधीला लालीबाई रडली नव्हती, हे त्याला स्पष्ट आठवत होतं. तांड्यातल्या साऱ्या बायांनी गळ्यात गळे घालून आक्रोश मांडला होता आणि ही मधोमध कोरडी उभी होती, एखादं माणूस दुसऱ्याच्या लग्नात उभं राहतं तशी.

धरमसिंग त्याला सोडून वावरात गेला. लालीबाई ओसरीवर होती. जावई दिसल्याबरोबर तिनं डोक्यावरची फडकी पुढे ओढून तोंड झाकलं आणि अंग वळवून ती भिंतीकडे तोंड करून बसली; जावयासमोर ती आजवर अशीच बसत आली होती. त्यानं तिचा चेहरा नीट असा पाहिलाच नव्हता. संगीताच्या चेहऱ्यावरून तो त्याची कल्पना करी. इकडचं तिकडचं विचारून झालं. कोरा चहा झाला. मग त्यानं सांगितलं की नागपूरचे लोक संगीतानं जमवलेली गाणी ठेवणार आहेत, तुमचं गाणंही आहे त्यात, तुमची हरकत तर नाही ना. मग ती म्हणाली की आधी ऐकू द्या.

त्यानं फोन दोघांच्या मधे, शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवला. गाणं सुरू झालं. स्वतःचा आवाज ऐकताना लालीबाई जराही हलली नाही. मग संगीता बोलली, मंग, याडी, आणि फडकीच्या कडेला धरलेली तिची बोटं घट्ट झाली; तेवढंच. जीवन फाइल उघडून बोटानं ओळी सरकवत होता. पुढे एका जागी गाणं अर्धं तुटलं, लोटीचा आवाज आला, पाणी गिळल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर लालीबाई दुसऱ्याच गाण्याकडे वळली. संगीतानं तिथे दोन खुणा केल्या होत्या. पाणी प्याली. विसरली. जीवननं फोन थांबवला. त्याला कामाचं काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं विचारलं की ही पुढची ओळ राहिलीय, संगीतानं तुम्ही विसरल्या असं लिहिलंय, आता आठवत असेल तर सांगा, घालून देतो.

‘मी इसरली नव्हती,’ लालीबाई म्हणाली.

कुठून तरी कोंबड्या आल्या, अंगणात टोचे मारत फिरल्या, गेल्या. ती भिंतीशीच बोलत होती, हळू, मराठीतला एकेक शब्द निवडत.

‘त्यात पोरगी मायले म्हनते, याडी, तुह्या आंधी मी गेली तं मले रडाले तू ये. माह्या लग्नात मी म्हटलं होतं ते माह्या मायले. सगळ्याच म्हनत. पन लेक समोर बसली, तोंडाकडं पाहून राह्यली, आन् तिच्यासमोर असं तोंडातून काढावं? मले भेव वाटलं. म्हनून मी पानी मांगतलं.’ ती थांबली. ‘नाई म्हटलं तरी झालंच ना.’

जीवनच्या मनात आलं की तिच्या जवळ जाऊन बसावं. पण जावई सासूच्या जवळ बसत नाही. त्याच्या अंगठ्याखाली फोनवर तो शब्द तसाच होता. विसरली. संगीतानं इतक्या बायांचं थांबणं आणि थबकणं वेगवेगळं ओळखलं, आणि आपल्याच आईचं एक गप्प राहणं तिला ओळखू आलं नाही; की आईनं ते इतकं चांगलं लपवलं. एखाद्या खोलीत दोघी समोरासमोर बसलेल्या, मधे मोबाइल, एक भीतीनं पाणी पिते आणि दुसरी मान खाली घालून लिहिते, विसरली. त्याला ती खोली दिसली. त्याला तिथे जाऊन दाराशी उभं राहावंसं वाटलं, काही बोलायला नाही, नुसतं.

‘ते बदलू का?’ त्यानं शेवटी विचारलं. ‘विसरली काढून टाकतो. खरं काय ते लिहितो.’

‘नोका बदलू,’ ती म्हणाली. ‘तिले वाटलं माय इसरली. वाटू द्या तिले तसंच.’

आणि मग तिनं मान जरा वळवली. चेहरा दिसला नाही, फडकीतून एक डोळा दिसला, कोरडा, लालसर. ‘द्या तुमी त्याहिले गानं. पन तिचं बोलनं कापू नोका त्यातलं. लेक इचारत होती म्हनून मी सांगत होती. नाई तं रिकाम्या भिंतीसमोर कोन गाते?’

ती उठून आत गेली. आतून कोठीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तुरीच्या डाळीची पिशवी होती. ती तिनं त्याच्या हातात न देता ओसरीच्या काठावर, त्याच्या चपलांशेजारी ठेवली. लेक माहेरी यायची तेव्हा तिच्याबरोबर अशी पिशवी जायची. तो ती घेऊन निघाला.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. डाळीची पिशवी मांडीवर होती. त्याला वाटत होतं की आपण ठरवत आहोत, पण ठरवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तांड्यावरून निघतानाच ते ठरून गेलं होतं. त्याच्या धंद्यातली एक साधी गोष्ट, जी त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती, ती आता तो पहिल्यांदा ऐकल्यासारखी मनात घोळवत होता. अख्खी फाइल ठेवली तर ती उद्याही फोडता येते, दहा वर्षांनीही येते, दुसरा कुणी शहाणा येऊन आपल्यापेक्षा चांगली फोडील. फोडून टाकलेली मात्र पुन्हा तशी जोडता येत नाही. जोडली असं आपल्याला वाटतं. मग इतके महिने तो कशाला अडला होता? अकोला बाजारच्या फाट्यावर गाडी थांबली, माणसं चढली, कुणाचं तरी मूल त्याच्या पायाला धरून उभं राहिलं. तो उत्तराच्या अगदी जवळ आला होता असं त्याला वाटलं, आणि त्यानं मुद्दामच खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी त्यानं आधीच्या सगळ्या आकृत्या पुसल्या आणि एकच तक्ता केला. गायिकेचं नाव, तांडा, आणि एक नवा रकाना: विचारणारी. चौथ्या रकान्यात अख्खी फाइल, तिच्या सगळ्या खुणांसकट, थांबलीसकट आणि थबकलीसकट, बकरीसकट. लालीबाईच्या फायलीतलं ‘विसरली’ त्यानं उघडून पाहिलं, आणि तसंच बंद केलं. तिनं ओसरीवर सांगितलेलं त्यानं कुठेही लिहिलं नाही. मग एकेक फाइल आत घालत गेला. हे काम प्रोग्राम क्षणात करू शकला असता, पण तो हातानं करत बसला. सुखीबाईची फाइल, पांढरकवड्याकडच्या तांड्यातली, जिच्यात तिनं मधेच गाणं सोडून संगीताला जेवलीस का असं विचारलं होतं. नाव न सांगणाऱ्या एका बाईची फाइल. प्रत्येक ओळीत, तिसऱ्या रकान्यात, तो तेच नाव टंकत होता. संगीता. संगीता. संगीता. तिच्या नावाला त्याच्या बोटांची इतकी सवय पूर्वी कधी नव्हती. घरात तो तिला नावानं क्वचितच हाक मारी, अगं म्हणे.

राजकुमारांना त्यानं फोन करून सांगितलं. ते थोडे हिरमुसले. म्हणाले की मग शब्द टाकून शोधलं तर यातलं काही वर येणार नाही, सर, लोकांना वाटेल इथं काहीच नाही. जीवन म्हणाला, ‘ज्याला पाहिजे तो गायिकेच्या नावानं येईल. उघडेल, बसून वाचेल, ऐकेल. तुकडे पुढं कधीही करता येतील, मूळ तुमच्याजवळ आहे.’ पलीकडे कागदांचा आवाज आला. मग राजकुमार म्हणाले की ठीक आहे, आम्ही असंच ठेवून घेऊ. त्यांनी विचारलं, की ‘विचारणारी’ हा रकाना आमच्या बाकीच्या संग्रहात नाही, तो ठेवायचाच का? ठेवायचा, जीवन म्हणाला. आवाज जरा मोठा झाला असावा, कारण ते लगेच हो म्हणाले.

दुपारपर्यंत सगळं नागपूरला पोचलं होतं. पोचलं असा राजकुमारांचा निरोप आला, शेवटी हात जोडलेलं चित्र होतं. जीवन त्या निरोपाकडे पाहत राहिला, आणि एसटीच्या खिडकीशी त्यानं जे टाळलं होतं ते आता टाळायला कुठे जागाच नव्हती. प्रश्न कधीच अवघड नव्हता. एक फाइल कशी ठेवायची ते ठरवायला त्याच्यासारख्या माणसाला एक आठवडा पुरला असता. तो ठरवत नव्हता, कारण जोवर ठरत नव्हतं तोवर सकाळी उठून करायला तिचं काहीतरी होतं. तिच्या फायली उघडायच्या, तिच्याशी वाद घालायचा, बकरीला कोण शोधणार म्हणायचं, हरायचं. साड्या गेल्या, पुस्तकं गेली, आणि आज त्यानं आपल्याच हातानं हेही नीट बांधून, पत्ता घालून, पाठवून दिलं. आता तिचं कोणतंच काम त्याच्याकडे उरलं नव्हतं.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला, खोलीला कुलूप लावलं आणि जिना उतरला. जिना खालच्या कृषी केंद्रातूनच बाहेर पडे. दुकानाचा मालक गोपाल तुरीवरच्या फवारणीचं औषध एका गिऱ्हाइकाला दाखवत होता. जीवनला पाहून त्यानं सहज विचारलं की आज लवकर?

‘हाव,’ जीवन म्हणाला. ‘काम झालं.’

एवढंच तो म्हणाला, आणि पुढचं पाऊल त्याला टाकता येईना. हात आपोआप शेजारच्या खतांच्या पोत्यांच्या थप्पीवर गेला. त्या औषधांच्या उग्र वासात, भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत, तो मोठ्यानं रडू लागला. दोन वर्षं तो असा रडला नव्हता. नागपूरच्या रस्त्यावरही नाही. गोपालनं काही विचारलं नाही. त्यानं काउंटरमागचं स्टूल ओढून त्याच्याजवळ आणून ठेवलं, खांद्यावर हात देऊन त्याला बसवलं, आणि हातात बाटली धरून उभ्या असलेल्या माणसाला खुणेनंच थोडं थांबायला सांगितलं.